गट कुणाचे, प्रश्न कुणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'मुंबईच्या राजकारणातील गट-तट आणि आपला समाज'. विषय नाजूक आहे. समोर बसलेल्यांत सगळ्या गटांची माणसे आहेत, हे मला ठाऊक आहे. एकाच घरात बाप एका गटाचा आणि मुलगा दुसऱ्या गटाचा, अशीही घरे इथे असतील. म्हणून आधीच सांगतो, कुणाला मत द्या आणि कुणाला देऊ नका हे सांगायला मी उभा नाही. विहारात ते सांगूही नये. पण गट का पडतात, हा विचार विहारात करायला हरकत नसावी. कारण गट पडले की त्याची झळ नेत्याच्या बंगल्याला लागत नाही, ती आपल्या चाळीला आणि झोपडीला लागते.

'गट का पडले?' असे कुणालाही विचारा, उत्तर तयार असते. नेते स्वार्थी निघाले, विकले गेले, समाजाला फसवले! माझे म्हणणे असे की हे उत्तर फार तर अर्धे खरे आहे. नुसता स्वार्थच कारण असता तर नेते बदलले की फूट थांबली असती. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत नेत्यांच्या तीन पिढ्या बदलल्या. फूट बदलली नाही. म्हणजे माणसांच्या पलीकडे काहीतरी आहे.

ते काय आहे? माझ्या मते दोन प्रश्न आहेत. पहिला, आपला सोबती कोण? ज्याचे पोट आपल्यासारखे हातावर आहे तो, की ज्याने जातीचा चटका आपल्यासारखा सोसला तो? दुसरा, सत्तेच्या आत जाऊन काम करून घ्यायचे, की बाहेर राहून लढायचे? प्रश्न खरे आहेत आणि अवघड आहेत. प्रामाणिक माणसांचे त्यावर मतभेद होणारच. दोष मतभेदाचा नाही. मतभेद उघड्यावर मांडून सोडवला गेला नाही, प्रश्न विसरला गेला आणि मागे फक्त गटाचे नाव उरले, हा खरा दोष.

बाबासाहेबांनी हे प्रश्न कसे हाताळले, ते आधी पाहू. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईतून भायखळा-परळ भागातून निवडून आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी एका व्यासपीठावर होते. संपाचा हक्क काढून घेणारा कायदा सगळ्याच कामगारांच्या मुळावर येणारा होता, म्हणून ते एकत्र आले.

पण याच बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांना रोखठोक विचारले होते की विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला का घेत नाही? त्या काळी धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून जास्त पगाराचे ते खाते आपल्या माणसांना बंद! आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. संपात मात्र सगळे बरोबर. पोट सारखे असले तरी जात मधे कशी येते, ते या एका धाग्यात दिसते.

पुढे १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९५१ साली फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला. त्यात कुणाशी सहकार्य करणार आणि कुणाशी करणार नाही, हे लिहून दिले होते. हिंदू महासभा आणि संघ यांसारख्यांशी नाही, कम्युनिस्ट पक्षाशीही नाही, असे स्पष्ट होते. मग समाजवाद्यांशी समझोता झाला. १९५२ साली उत्तर मुंबईतून बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. समझोता करूनही पराभव झाला. पण कशासाठी आणि कुणाबरोबर लढलो, हे मतदाराला कागदावर वाचता येत होते. आणि अखेरीस फक्त एका वर्गापुरता पक्ष पुरेसा नाही, सर्वांना खुला असा रिपब्लिकन पक्ष हवा, असे त्यांनी ठरवले. म्हणजे बाबासाहेबांनीही भूमिका बदलल्या. पण प्रत्येक वेळी कारण सांगून, लिहून आणि लोकांसमोर.

६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. काळ संयुक्त महाराष्ट्राचा होता. आपले लोक संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. मुंबई महापालिका समितीने जिंकली होती, आणि १९५९ साली आपल्या चळवळीतले पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. बाबासाहेबांच्या पश्चात तीन वर्षांच्या आत या शहराच्या पहिल्या नागरिकाच्या खुर्चीवर आपला माणूस! ही ताकद समितीच्या ऐक्यातून आली होती.

आणि त्याच सुमारास पक्षात पहिली मोठी फूट पडली. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे. लोक एकाला 'दुरुस्त' गट म्हणू लागले आणि दुसऱ्याला 'नादुरुस्त'. जुन्या माणसांना हे शब्द आठवत असतील. वाद काय होता? दादासाहेब म्हणत होते, भूमिहीनाला जमीन मिळाली पाहिजे, त्यासाठी सत्याग्रह करू, डाव्यांना बरोबर घेऊ. कांबळे गटाचे म्हणणे होते की हा कम्युनिस्टांचा मार्ग आहे, आपला मार्ग बाबासाहेबांनी घालून दिलेला संविधानाचा. पाहा, हा तोच पहिला प्रश्न! सोबती कोण? दोन्ही बाजूंना मुद्दा होता. गावातल्या भूमिहीनाची भूक खरी होती. शहरातल्या शिकलेल्या तरुणाची भीतीही खोटी नव्हती. पण वाद सुटला नाही. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' एवढीच नावे उरली.

मग दुसरा प्रश्न आला, सत्तेत की बाहेर? १९६६ च्या सुमारास आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ साली मध्य मुंबईतून खासदार झाले. १९६७ साली दादासाहेबांनीही काँग्रेसशी समझोता केला. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की खेड्यात सत्ता काँग्रेसच्या हातात होती आणि माणसांना रोज तिथेच राहायचे होते. पण समझोत्याने काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब कुणी समाजापुढे मांडला नाही.

१९७३ साल घ्या. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या गवई गटाचा शिवसेनेशी समझोता झाला. आणि जानेवारी १९७४ मध्ये काय झाले? भंडारे बिहारचे राज्यपाल झाले होते, त्यामुळे मध्य मुंबईची जागा रिकामी झाली होती. पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या भागात पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि ती कित्येक दिवस चालली. त्यानंतरच्या मोर्चात, १० जानेवारीला, भागवत जाधव हा तरुण शहीद झाला. त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रामराव आदिकांना शिवसेनेचा पाठिंबा होता. ते पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. विचार करा, वर पुढाऱ्यांचा समझोता झालेला आणि खाली चाळीत दगडफेक! वरच्या समझोत्याने खालचे वैर मिटत नाही, हे मुंबईने तेव्हाच दाखवून दिले.

पँथरचेही तेच झाले. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही सगळी विशी-तिशीतली पोरे. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाचा अर्थ व्यापक केला होता. त्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे शोषित आले. लगेच वाद उठला की हे आंबेडकरवादी आहे की मार्क्सवादी? ढाले एका बाजूला, ढसाळ दुसऱ्या बाजूला. १९७४ साली फूट, १९७७ साली ढाले-पवार यांनी बरखास्ती जाहीर केली. पुन्हा तोच पहिला प्रश्न आणि पुन्हा न सुटलेला! पँथरने आपल्याला भाषा दिली, साहित्य दिले, मान वर करायला शिकवले, हे उपकार मोठे आहेत. पण संघटना पाच वर्षे टिकली.

आता एक गोष्ट सांगतो जिच्याकडे गटबाजीच्या चर्चेत फारसे कुणी पाहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही, गिरण्या मात्र संपल्या. गिरणीबरोबर पगार गेला, आणि पगाराबरोबर वर्गणीही गेली. कामगार स्वतःच्या खिशातून चार आणे, आठ आणे देत होता तोवर कार्यकर्ता त्याला बांधील होता. तो पैसा आटला. कार्यकर्त्याला सभेचा मंडप, बॅनर आणि गाडीखर्च मोठ्या पक्षाकडून मिळू लागला. ज्याचा मंडप त्याचे भाषण! विचार बदलले असे आपण म्हणतो. मला वाटते आधी खर्चाचे खाते बदलले, विचार मागून बदलले.

पण समाज कधीच एक झाला नाही असे नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. त्याला शिवसेनेने विरोध केला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला विराट मोर्चा निघाला. सगळे गट एका रस्त्यावर होते. नामांतराचे पाहा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे! लोकांनी घरे जळताना पाहिली, माणसे गेली, पण मागणी सोडली नाही. इंदू मिलच्या जागेसाठीही सगळ्याच गटांनी जोर लावला. म्हणजे प्रश्न एक असला की समाज एक होतो. निवडणूक आली की तुटतो.

निवडणुकीतही एकदा ऐक्य झाले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. दहा जण ठार झाले. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. पुढच्याच वर्षी, १९९८ च्या लोकसभेला, रिपब्लिकन गट एक होऊन काँग्रेसबरोबर लढले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून, असे चार खासदार निवडून आले. चारही जागा सर्वसाधारण, एकही राखीव नाही! काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. फायदा दोघांचाही झाला. पण १९९९ साली काँग्रेसच फुटली, राष्ट्रवादी निघाली, आणि आपले नेतेही दोन्हीकडे वाटले गेले. दुसऱ्याच्या घराला तडा गेला आणि आपले घर पडले. कारण आपल्या ऐक्याचा पाया जागावाटपाचा होता, कार्यक्रमाचा नव्हता.

त्यानंतरचे तुम्हाला ठाऊक आहे. २०११ साली आठवले गट शिवसेना-भाजपबरोबर गेला, 'शिवशक्ती-भीमशक्ती'ची घोषणा झाली. २०१४ नंतर तो गट भाजपबरोबर राहिला. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने २०१९ ची लोकसभा एमआयएमबरोबर लढवली, विधानसभेआधी ती युती तुटली. जानेवारी २०२३ मध्ये वंचितची उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी युती जाहीर झाली, २०२४ च्या लोकसभेपर्यंत तीही राहिली नाही. त्याच जानेवारीत कवाडे यांचा पक्ष शिंदे यांच्या शिवसेनेबरोबर गेला. आणि नुसते आपणच बदलतो असेही नाही. १९६६ साली मराठी माणसाच्या नोकरीसाठी निघालेली शिवसेना ऐंशीच्या दशकात हिंदुत्वाकडे गेली, २०१९ साली काँग्रेसबरोबर सत्तेत बसली, आणि २०२२ साली स्वतः फुटली. मोठ्या शहरात सगळेच पक्ष कूस बदलतात. मोठा पक्ष कूस बदलतो तेव्हा छोटा गट खाली चिरडतो, एवढाच फरक.

आता गट टिकून का राहतात, ते हिशेबाने पाहू. मुंबई महापालिकेत २२७ वॉर्ड आहेत. एका वॉर्डात सरासरी पन्नास हजारांवर वस्ती येते. समजा एका वॉर्डात पंचवीस हजार मतदान झाले आणि त्यात आपली मते सहा हजार. पाच-सहा उमेदवार असले तर नऊ-दहा हजारांवर माणूस निवडून येतो. म्हणजे सहा हजार एकत्र असतील तर आणखी तीन-चार हजारांचा सोबती शोधून जागा आपली होऊ शकते. पण तेच सहा हजार तीन गटांत दोन-दोन हजार झाले तर? निवडून कुणीच येणार नाही. पण दोन हजार मतांत दुसऱ्या कुणाला तरी पाडता येते. आणि पाडण्याचीही किंमत मिळते. मोठ्या पक्षाला व्यासपीठावर एक निळा झेंडा हवा असतो. तो कोणत्याही गटाचा चालतो. म्हणून गट वेगळा ठेवणे नेत्याला परवडते. समाजाला परवडत नाही. आतबट्ट्याचा व्यवहार आपल्या वाट्याला येतो.

मग उपाय काय? 'नेत्यांनो, एक व्हा' असे ठराव आपण किती वर्षे करतो आहोत? इथे मला विनयपिटकातली कौशांबीची हकीकत सांगावीशी वाटते. कौशांबीत भिक्खूंमध्ये भांडण लागले. अट्ठकथा सांगते की भांड्यात उरलेल्या पाण्यावरून सुरुवात झाली. एकाने म्हटले हा दोष आहे, दुसऱ्याने म्हटले नाही. दोन तट पडले. खुद्द भगवंतांनी समजावले, तरी ऐकले नाही. 'आपण स्वस्थ राहावे, आमचे आम्ही पाहू', असे उत्तर दिले. तथागत कौशांबी सोडून निघून गेले. मग भांडण मिटवले कुणी? कौशांबीच्या उपासकांनी! त्यांनी ठरवले, या भिक्खूंना वंदन करायचे नाही, यांना भिक्षा घालायची नाही. शिवीगाळ नाही, मारामारी नाही. फक्त हात आखडता घेतला. थोड्याच दिवसांत ते भिक्खू श्रावस्तीला तथागतांकडे गेले आणि वाद मिटला.

बंधू-भगिनींनो, यात आपल्यासाठी सगळे आले. भगवंतांच्या उपदेशाने जे झाले नाही ते साध्या घरांतल्या माणसांनी केले. गटांना जे अन्न लागते ते आपल्याच घरातून जाते. आपले मत, आपली गर्दी, जयंतीची वर्गणी, आपल्या पोरांच्या घोषणा. ते आंधळेपणाने वाढणे थांबवता येते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणत्याही गटाचा माणूस दारात आला की त्याला चहा द्या, जयभीम करा आणि तीन प्रश्न विचारा. एक, तुमची युती कोणत्या कामासाठी आहे, ते लिहून दिले आहे का? दोन, ते काम किती दिवसांत होणार, आणि नाही झाले तर तुम्ही बाहेर पडणार का? तीन, हिशेब द्यायला आमच्या वस्तीत कोणत्या महिन्यात येणार? सगळ्या गटांना हेच तीन प्रश्न विचारा, आपल्या आवडत्या गटाला तर आधी विचारा. युती चुकीची की बरोबर, हे घोषणेवरून ठरवू नका, उत्तरांवरून ठरवा.

आणि प्रश्न हवेतले ठेवू नका. बी. डी. डी. चाळीचेच घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींचा म्हाडामार्फत पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आनंद आहे. पण टॉवरचा महिन्याचा देखभालखर्च घरकाम करणारी विधवा बाई कसा भरणार? चाळीतल्या विहाराला, अभ्यासिकेला, व्यायामशाळेला नव्या आराखड्यात जागा कुठे आणि किती? हे प्रश्न कोणत्या गटाचे आहेत? कुणाचेच नाहीत, म्हणजे सगळ्यांचे आहेत. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात गटारासाठी, पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसला खेटे घालताना कुणी तुम्हाला गट विचारला होता का? रांगेत सगळे सारखेच उभे होते.

शेवटची विनंती विहार समितीला. विहाराच्या फलकावर कोणत्याही गटाचे नाव येऊ देऊ नका. समितीची निवड करताना माणूस कोणत्या पक्षाचा ते पाहू नका, तो हिशेब नीट ठेवतो का ते पाहा. बाहेर गट असतील, असू देत. पण महिन्यातून एक पौर्णिमा अशी ठेवा की वंदनेनंतर सगळ्या गटांची माणसे याच सतरंजीवर बसतील आणि वस्तीचा एकच प्रश्न घेऊन त्यावर बोलतील. काय ठरले ते वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. निवडणूक आली की ती वही काढा आणि जो येईल त्याच्यापुढे ठेवा. नेत्यांचे ऐक्य होईल तेव्हा होईल. वस्तीचे ऐक्य या वहीपासून सुरू करता येईल, आणि त्याला दिल्लीची किंवा मंत्रालयाची परवानगी लागत नाही.